बाभळीची डीपी: एका रब्बीत तीनदा जळालेल्या रोहित्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण 2016-17 च्या रब्बी हंगामातलं आहे. गाव नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातलं, पाणी विहिरींचं. मी तेव्हा वीज कंपनीच्या तिथल्या शाखा कार्यालयात कनिष्ठ अभियंता होतो. गावाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. डीपीचं (गावाकडे रोहित्राला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, डीपीच म्हणतात) तेवढं ठेवलं आहे, कारण बाभळीखाली उभी असलेली डीपी निम्म्या गावांत सापडेल.

डीपी 100 केव्हीएची; केव्हीए हे रोहित्राच्या ताकदीचं माप. बसवली तेव्हा तिच्यावर 16 मोटारी होत्या, बहुतेक तीन आणि पाच एचपीच्या. 100 केव्हीएचं रोहित्र पूर्ण भाराला प्रत्येक फेजवर साधारण 133 अँपिअर देतं. पाच एचपीची मोटार साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. म्हणजे पाचच्या 17 मोटारी एकदम चालल्या तरी डीपी तग धरेल, असा हिशेब होता आणि तो बरोबर होता.

पुढच्या वर्षांत जोडण्या वाढत गेल्या. 2016 मध्ये आमच्या रजिस्टरला 27 जोडण्या होत्या, एकूण 109 एचपी. एका एचपीला दीड अँपिअर धरला तर 163 अँपिअर. कागदावरच डीपी भरून वाहत होती, पण सगळ्या मोटारी एकाच वेळी थोड्याच चालतात, या भरवशावर कोणी लक्ष दिलं नव्हतं. हा भरवसा खोटा नाही. सगळी वीजव्यवस्था त्यावरच उभी असते. घरातले सगळे दिवे, पंखे, मिक्सर, गिझर एकदम चालू होत नाहीत, म्हणून शंभर घरांना शंभर घरांच्या बेरजेइतकं रोहित्र लागत नाही. तारांपासून वीजकेंद्रापर्यंत सगळीकडे हीच काटकसर केलेली असते. शेतीत मात्र हा भरवसा आम्हीच मोडला होता. ते पुढे येईल.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली. 2014 आणि 2015 कोरडे गेले होते. 2016 ला पाऊस बरा झाला, विहिरी भरल्या, आणि दोन वर्षं थांबलेल्या माणसांनी दिसेल त्या रानात कांदा आणि गहू केला. विजेची मागणी पाण्याच्या मागोमाग येते, हे आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

अडचण

पहिल्यांदा डीपी जळाली नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. ग्रामीण भागात 48 तासांत रोहित्र बदलायचं असा नियम. प्रत्यक्षात पाच दिवस गेले. वरून तोंडी सूचना अशी की थकबाकी भरल्याशिवाय डीपी द्यायची नाही. योगायोग असा की नोटाबंदी नुकतीच झाली होती आणि जुन्या नोटा वीजबिलाला चालत होत्या. लोकांनी घरातल्या पाचशेच्या नोटा आणून भरल्या, वर्गणी काढून पिकअप ठरवली, तालुक्याच्या स्टोअरमधून रोहित्र स्वतः आणलं. डिसेंबरच्या मध्याला ते दुसऱ्यांदा जळालं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्यांदा.

तिसऱ्या वेळेला लोक सबस्टेशनच्या दारात बसले. कांद्याची लागण होऊन आठ-दहा दिवस झालेली; या अवस्थेत रोपाला पाणी चुकलं तर ते मान टाकतं. कोणाच्या मोटारीचं वाइंडिंग गेलं होतं, कोणाची तीन आठवड्यांत दोनदा. एक जण हातात टीव्हीच्या बातमीचा फोटो घेऊन आला होता: राज्यात वीज अतिरिक्त.

बातमी खरी होती. 2005 नंतरची काही वर्षं महाराष्ट्राने भारनियमनात काढली, तेव्हा टंचाई निर्मितीची होती. दाभोळचा प्रकल्प 2001 मध्ये बंद पडला होता, नवी केंद्रं वेळेत आली नव्हती आणि मागणी थांबायला तयार नव्हती. 2016 पर्यंत ते चित्र पालटलं होतं. मागणी नाही म्हणून वीजकेंद्रांतले काही संच बंद ठेवले जात होते. तरी बाभळीच्या डीपीखाली मात्र वीज नव्हती. टंचाई ग्रिडच्या कुठल्या गळ्यात अडकली आहे, हे पाहिल्याशिवाय ‘वीज कमी की जास्त’ या प्रश्नाला अर्थ नसतो. विहिरीत पाणी आहे आणि पाइप पाऊण इंचाचा आहे, तसं.

मोजणी

पहिल्या दोन्ही वेळी मी रोहित्र बदलून घेतलं आणि कागद पूर्ण केले. जळण्याचं कारण म्हणून ‘अतिभार’ लिहिलं. तो किती, हे मोजलं नाही. तिसरं रोहित्र बसलं त्या रात्री मात्र लाईनमनला घेऊन डीपीजवळ थांबलो.

त्या आठवड्यात पाळी रात्रीची होती. शेतीला तेव्हा चक्राकार पद्धतीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास थ्री फेज मिळायची. दहा वाजता फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून डीप्यांकडे येणारी वाहिनी, चालू व्हायचा होता. थंडी चांगलीच होती, दोघे-तिघे शेतकरी पाचट पेटवून बसले होते. दहाला दोन मिनिटं असताना सगळीकडे शांत. मग रोहित्र एकदम घुमायला लागलं, नेहमीचा गुणगुणाट नव्हे, घशातून काढल्यासारखा आवाज. लाईनमनने तारेतला प्रवाह मोजायचा टॉंग टेस्टर लावला. काटा पट्टीच्या टोकाला जाऊन टेकला. व्होल्टेज 290, थ्री फेजला फारच कमी. शिवारातून मोटारी हुंकारत होत्या, फिरत नव्हत्या.

कारण उघड होतं. जवळजवळ प्रत्येक स्टार्टरला ऑटो बसवलेला. लाईट आली की मोटार आपोआप चालू. रात्री दहाला थंडीत, सापाकिरड्याच्या रानात कोण जाईल? ऑटो ही चैन नव्हती. पण मोटार सुरू होताना चालत्या प्रवाहाच्या सहापट घेते. ऑटोच्या तीस मोटारी एकाच सेकंदाला उठल्या तर डीपीवर हजार-बाराशे अँपिअरची मागणी येते. त्याने व्होल्टेज पडतं; व्होल्टेज 30 टक्के पडलं की मोटारीचा जोर निम्म्यावर येतो; जोर नसल्याने ती वेग घेत नाही; वेग घेत नाही म्हणून सहापट प्रवाह ओढतच राहते. एरवी सुरुवातीचा झटका काही सेकंदांत ओसरतो. इथे तो ओसरतच नव्हता.

मग फ्यूज का गेला नाही? पेटी उघडून पाहिली. किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूज बसवायच्या पकडीत, फ्यूजची तार नव्हती. अ‍ॅल्युमिनियमच्या कंडक्टरचे तीन पेळ पिळून घातले होते. सारखा फ्यूज जातो म्हणून कोणीतरी कायमचा बंदोबस्त केला होता. आता जायची पाळी रोहित्राची होती.

दुसऱ्या दिवशी लाईनमन आणि मी विहिरीविहिरीवर फिरलो. मोटारी 41 निघाल्या. एकूण 212 एचपी. रजिस्टरच्या जवळपास दुप्पट. यात 14 मोटारी जोडणीशिवाय, तारेवर आकडा टाकून चालवलेल्या. पण फरकाचा काही भाग अधिकृत जोडण्यांचाही होता: कागदावर तीन, विहिरीवर पाच, कागदावर पाच, विहिरीवर साडेसात. पाणी खोल गेलं तशी दुष्काळात लोकांनी मोटार वाढवली आणि आम्हाला कळवलं नाही, कारण मीटर नसलेल्यांचं बिल एचपीवर यायचं. आम्ही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर भार वाढवून द्यावा लागला असता. दोन्ही बाजूंना कागदावरचा आकडा सोयीचा होता. नव्या रोहित्राचे, नव्या सबस्टेशनचे प्रस्ताव मात्र त्याच आकड्यावर तयार होतात.

आणि तो मोडलेला भरवसा? शेतीला चोवीस तास वीज असती तर 41 जणांनी आपापल्या सवडीने पाणी भरलं असतं, कोणी पहाटे, कोणी दुपारी. आम्ही आठ-दहा तासांची खिडकी ठेवली आणि सगळ्यांना तिच्यात एकाच क्षणी ढकललं. टंचाई वाटून देण्यासाठी वेळ ठरवली आणि त्या वेळेनेच नवी टंचाई तयार केली.

समोर असलेले पर्याय

पहिला सगळ्यांच्या तोंडी होता: 200 केव्हीएची डीपी द्या. मलाही आधी तेच वाटलं. पण आमच्या 33/11 केव्हीच्या सबस्टेशनमध्ये सगळ्या फीडरना वीज देणारा पॉवर ट्रान्सफॉर्मर पाच एमव्हीएचा; 11 केव्हीच्या बाजूला त्याची ताकद 262 अँपिअर. रब्बीत ऑपरेटरच्या लॉगशीटवर तासातासाला 255, 260 असे आकडे होते, तेही शेतीचे फीडर दोन गटांत आलटूनपालटून चालवून. बाभळीखाली मोठं रोहित्र ठेवलं असतं तर तिथे दाबून राहिलेली मागणी मोकळी झाली असती आणि पुढचा गळा आवळला असता. शिवाय डीपीपासून निघणारी जुनी लघुदाब तार दुप्पट प्रवाह नेण्याजोगी नव्हती. शेवटच्या विहिरीवर व्होल्टेज तेव्हाही पडलंच असतं. हा पर्याय बाजूला ठेवला. आजही तो निर्णय मला बरोबर वाटतो, जरी त्यापायी महिनाभर शिव्या खाल्ल्या.

दुसरा पर्याय आकडे काढण्याचा. कायद्याने सरळ: वीज कायदा 2003, कलम 135. पण 14 पैकी सहा जणांनी कोटेशन भरलेलं होतं, काहींनी तीन वर्षांपूर्वी. आमच्या भाषेत ‘पेड पेंडिंग’. पैसे घेऊन जोडणी न देणाऱ्याने त्यांना चोर म्हणायचं, हे गावात उभं राहून जमणारं नव्हतं. उरलेल्या आठांचे आकडे काढले असते तरी 40-45 एचपी कमी झाले असते. पुरेसं नाही.

तिसरा, डीपीचा भार फोडून दुसरी डीपी उभी करणं. खरा उपाय हाच. प्रस्ताव, मंजुरी, निधी, ठेकेदार. मार्चच्या आत शक्य नव्हतं आणि कांदा मार्चपर्यंत थांबणार नव्हता.

चौथा पर्याय माझा नाही. सबस्टेशनच्या दारात बसलेल्यांतले एक वयस्कर गृहस्थ, त्यांना इथे आबा म्हणू, बोलता बोलता म्हणाले, “सायेब, पाटाच्या पान्याला पाळी लावतो, मग लाईटीला का लावत नाय?”

काय केलं

देवळाच्या पारावर बैठक झाली. 41 पैकी 30-32 जण आले. मी मोजणीचे आकडे मोठ्याने वाचले, नावं न घेता. कोणाचा आकडा आहे हे सगळ्यांना ठाऊकच होतं.

हिशेब असा मांडला. 212 एचपीचे दोन गट केले तर एका वेळी 106, म्हणजे 159 अँपिअर. तरी जास्त. तीन गट केले तर भार बसतो, पण दिवसाच्या आठ तासांत प्रत्येकाला पावणेतीन तासही येत नाहीत. त्याला कोणी तयार नव्हतं. मग कपॅसिटर. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा (हे कपॅसिटरचं माप) कपॅसिटर लावला की पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी खरी कामी येणाऱ्या विजेचं प्रमाण, सुधारतो आणि तेच काम होताना रोहित्रावर कमी अँपिअर येतात. पाऊणच्या आसपासचा पॉवर फॅक्टर 0.92 वर नेला तर 159 चे 130 होतात. 133 च्या रोहित्रावर 130. जेमतेम, पण जानेवारीच्या थंडीत रोहित्राचं तेल गार राहतं, त्यामुळे धकेल असं मला वाटलं.

खरी अडचण ऑटोची होती. एक तरुण शेतकरी उभा राहिला. “सायेब, मी ऑटो काढला अन् शेजारच्या अण्णानं नाही काढला, तर त्याची मोटार आधी उठंल, माझ्या वक्ताला व्होल्टेज राहणार नाही. काढनारा येडा ठरतोय.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तांत्रिक तर नव्हतंच.

उत्तर आबांनी काढलं. सगळ्यांनी त्याच संध्याकाळी ऑटो काढून दूध डेअरीत आणून टाकायचे. दूध घालायला सकाळ-संध्याकाळ सगळेच येतात, कोणाचा आला नाही हे दिसेल. दोन दिवसांत युरियाच्या रिकाम्या गोणीत 23 ऑटो जमले. सात-आठ आले नाहीत. ते कोणाचे, हेही दिसलं.

गट करताना गल्लत केली. मी डीपीच्या दोन बाजूंच्या तारांनुसार गट पाडले, कागदावर छान. पण एका बाजूला भाऊबंद एकमेकांशी न बोलणारे निघाले. दोन दिवसांनी आबांनी यादी बदलून आणली. त्यात भार थोडा असमान होता, माणसं मात्र नांदणारी होती. मी तीच लावली. डेअरीच्या भिंतीवर खडूने ‘अ’ आणि ‘ब’ लिहिलं, कोणाची पहिली पाळी ते रोज बदलायचं. रात्रीच्या आठवड्यात पाच-पाच तास, दिवसाच्या आठवड्यात चार-चार.

किटकॅटमधले पेळ काढून योग्य मापाची फ्यूजतार घातली आणि तारेचं एक बंडल आबांच्या घरी ठेवलं. नियमात बसत नाही हे. पण फ्यूज गेल्यावर लाईनमन येईपर्यंत कोणी पुन्हा कंडक्टरचा पेळ घालू नये, एवढाच हेतू. शेतकऱ्यांनी डीपीला हात लावू नये ही सूचना मी तोंडी दिली, लेखी दिली, आणि ती पाळली जाणार नाही हे मला माहीत होतं.

काय झालं

पहिल्या चार रात्रींत फ्यूज सहा वेळा गेला. लोक वैतागले. मला मात्र बरं वाटत होतं, कारण फ्यूज जात होता म्हणजे रोहित्र वाचत होतं. दुसऱ्या आठवड्यात दोन पाळ्यांमध्ये मोजलं: 142 आणि 149 अँपिअर, व्होल्टेज 365 च्या वर. कपॅसिटर 41 पैकी 24 जणांनीच लावले होते, म्हणून 130 गाठता आलं नाही.

लोकांना अँपिअरशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी वाफे मोजले. आधी दहा तासांच्या रात्रीत, ट्रिपिंग धरून, एकाचे 22 वाफे भिजत होते. पाळीच्या पाच तासांत 25 भिजले. वेळ निम्मा आणि पाणी थोडं जास्तच. यानंतर ज्यांनी ऑटो दिले नव्हते त्यांतले तिघे आपण होऊन आले.

फेब्रुवारीत साडेसातच्या दोन मोटारवाल्यांनी पाळी मोडली, बांधावर हाणामारी झाली, एक गट आठवडाभर बंद पडला. पण डीपी मार्चअखेरपर्यंत जळाली नाही. हे सगळं श्रेय पाळीला देता येणार नाही. मार्चमध्ये विहिरींचं पाणी उतरलं आणि मोटारी तासाभरातच उपसा संपवून बंद पडू लागल्या, तेव्हा भार आपोआपच कमी झाला. तरी जानेवारी-फेब्रुवारी, जेव्हा खरा ताण होता, ती आठवड्यांची खिंड पाळीनेच काढून दिली असं मी समजतो.

दुसरी डीपी, 63 केव्हीएची, पुढच्या वर्षी जानेवारी 2018 मध्ये उभी राहिली. नारळ फोडला. पेड पेंडिंगमधल्या सहाही जणांना जोडणी मिळाली. त्याच संध्याकाळी डेअरीतली गोणी जवळजवळ रिकामी झाली. ऑटो आपापल्या विहिरींवर परत गेले. नवी डीपी आली म्हणजे पाळीची गरज संपली, असा सरळ अर्थ लोकांनी घेतला. मीही अडवलं नाही. मार्चमध्ये माझी बदली झाली.

आज करायचं असतं तर

सगळ्यात मोठी चूक मोजणीची. पहिलं रोहित्र जळालं तेव्हाच टॉंग टेस्टर घेऊन रात्री दहाला उभं राहायला हवं होतं. दोन रोहित्रं, वीसेक दिवसांचं पाणी आणि कित्येक मोटारींचं वाइंडिंग वाचलं असतं. रोहित्र बदलण्याचा अहवाल भरणं सोपं असतं आणि त्यात कारणाच्या रकान्यात एक शब्द पुरतो, हा त्या रकान्याचा दोष.

ऑटो सरसकट काढायला लावणं हेही आज मला कठोर वाटतं. ऑटोला वेळेचा विलंब लावता येतो. कोणाचा दोन मिनिटांनी, कोणाचा सहा, कोणाचा दहा मिनिटांनी उठेल असे लावले असते तर सुरुवातीचा झटका तरी विभागला गेला असता आणि रात्री रानात जाणं टळलं असतं. सगळी पाळी त्याने भागली नसती, पण एका तरुण मुलाला त्या हंगामात विहिरीवर जाताना साप चावला (वाचला तो) आणि तो ऑटो देणाऱ्यांतला होता. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

2018 मध्ये राज्याने उच्चदाब वितरण प्रणालीची योजना आणली, एक-दोन शेतकऱ्यांना एक छोटं रोहित्र. त्यात लांब लघुदाब तार नाही, आकडा टाकणं अवघड आणि रोहित्र जळालं तर दोनच माणसं अडतात. बाभळीच्या डीपीचं दुखणं त्याने बरंच कमी झालं असतं. सबस्टेशनचा पाच एमव्हीए तेवढाच राहिला असता. सौर कृषी वाहिन्यांनी तो गळाही थोडा सैल होतो, कारण वीज गावाजवळच तयार होते, दिवसा, पंप चालतात त्याच वेळी. देशाची मागणी 30 मे 2024 ला 250 गिगावॉटवर गेली ती भर दुपारी, सौर वीज जोरात असताना, आणि ती भागली. त्यानंतरची ओढाताण संध्याकाळी सूर्य मावळल्यावरची आहे. तिथेही प्रश्न वर्षाच्या युनिटांचा कमी आणि त्या दोन-तीन तासांचा जास्त आहे.

आणि भाराची नोंद. पेनल्टी न लावता खरा एचपी लिहून घेण्याची एक मोहीम त्या मार्चमध्ये घेता आली असती; लोक तेव्हा माझ्याशी खरं बोलत होते. मी ती घेतली नाही, कारण रजिस्टर दुप्पट झालं तर वर उत्तर कोण देणार, ही भीती.

गेल्या वर्षी त्या तरुण शेतकऱ्याचा फोन आला होता. म्हणाला, “सायेब, त्रेसष्टची बी भरली.” मी सवयीने विचारलं, मोटारी किती आहेत तिच्यावर?

तो थोडा थांबला. “कागदावरच्या सांगू का विहिरीवरच्या?”